दारच्याच्या पलीकडे : सप्टेंबरअखेर, मनाली–लेह आणि पहिला बर्फ

मनाली–लेह रस्ता आता ४२८ किलोमीटरचा आहे. जुलैत नाले फुगलेले असतात, ऑगस्टात दरडी कोसळतात. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आकाश निळंशार, पाणी उतरलेलं आणि गर्दी पांगलेली, म्हणून माहीतगार हाच आठवडा धरतात. हंगामातला पहिला बर्फही अधूनमधून याच आठवड्यात येतो. २०१८ साली २२ सप्टेंबरपासून लाहौल-स्पितीत जो बर्फ पडला, त्यात शेकडो प्रवासी अडकले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. जानेवारीत याहून कितीतरी जास्त बर्फ पडतो, पण तेव्हा त्या रस्त्यावर कोणी नसतंच. सप्टेंबरात सगळे असतात, आणि सगळे उन्हाळ्याच्या तयारीत असतात.

खालचा पाच दिवसांचा कार्यक्रम बर्फ गाठणार असं धरूनच लिहिला आहे. चौथा दिवस सरचूला, म्हणजे बारालाचा खिंडीपलीकडच्या पठारावर, अडकून काढायचा आणि पाचव्या दिवशी लेहला न जाता मागे फिरायचं. हवा कोरडी निघाली तर उत्तमच, मग यातलं निम्मं वाचायची गरज नाही.

दिवस पहिला : मनाली ते जिस्पा, साधारण ९५ किमी

निघण्याआधी मनालीचं तापमान बघायचं. उंची हजार मीटरने वाढली की पारा साधारण साडेसहा अंश उतरतो. मनाली २०५० मीटरवर आहे. सकाळी तिथे १० अंश आणि पाऊस असेल, तर शून्य अंशाची रेषा ३६०० मीटरच्या आसपास आली, आणि बर्फ त्याच्याही खाली दोन-तीनशे मीटर न वितळता पोचतो. बारालाचा खिंड ४८९० मीटरवर, म्हणजे तिथे उणे आठ. हॉटेलच्या खिडकीतून दिसणारी ती रिपरिप वर बर्फ होऊन पडत असते. हा हिशेब बोटांवर होतो.

अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, ऑक्टोबर २०२० पासून खुला. त्याच्या दक्षिण तोंडाशी पाऊस आणि उत्तर तोंडाशी ऊन हे नेहमीचं दृश्य आहे, कारण लाहौल पर्जन्यछायेत येतं. त्या उन्हावर भाळू नये. पावसाळी ढग पीर पंजालच्या डोंगररांगेला अडतात, पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून हिमालयावर येणारी वादळी हवा, अडत नाही. सप्टेंबरअखेर मान्सून माघारी निघालेला असतो, पण हवेत ओल शिल्लक असते. अशात झंझावात येऊन भिडला की जो बर्फ पडतो तो डिसेंबरातल्या भुरभुरीत बर्फासारखा नसतो, तो ओला आणि जड असतो. समुद्राकडेही बघावं लागतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ १२ तारखेला विशाखापट्टणमला धडकलं आणि १४ तारखेला नेपाळात थोरोंग ला खिंडीच्या परिसरात हिमवादळ होऊन चाळीसहून अधिक माणसं गेली.

सिस्सूपासून पुढे रस्त्याकडेला सफरचंदाच्या बागा लागतात. या दिवसांत झाडावर फळंही असतात आणि पानंही. पान बर्फ धरून ठेवतं, वजन वाढतं, फांदी फाटते. २०१८ च्या सप्टेंबरात लाहौलमध्ये हेच झालं, आणि काश्मीरमध्ये २०१८ आणि २०१९ असे लागोपाठ दोन नोव्हेंबर. निष्पर्ण झाडाला तेवढाच बर्फ फारसं काही करत नाही. महाराष्ट्रातून आलेली गाडीही अशीच पानांसकट आलेली असते: रेडिएटरमध्ये नुसतं पाणी, टाकीत मैदानातलं डिझेल, काच धुण्याच्या फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी.

त्यातलं डिझेल तांदीला मार्गी लावायचं. चंद्रा आणि भागा नद्यांचा संगम होतो ते हे गाव, आणि पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची ती प्रसिद्ध पाटी इथलीच. भारतीय मानकानुसार उन्हाळी डिझेल १८ अंशांपर्यंतच फिल्टरमधून नीट वाहील एवढीच हमी असते, हिवाळी डिझेलची ६ अंशांपर्यंत. प्रत्यक्षात इंधन यापेक्षा बरं निघतं, पण उणे दहाला त्याच्यातलं मेण फिल्टरवर साचतं आणि गाडी सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडते. म्हणून मनालीत टाकी फुल करायची नाही. तांदीला जवळजवळ रिकाम्या टाकीने पोचायचं आणि तिथे गळ्यापर्यंत भरायचं. उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास हिवाळी डिझेल २०१९ च्या नोव्हेंबरपासून लडाखसाठी मिळतं, पण सप्टेंबरात ते मिळेल असं धरून चालू नये.

जिस्पा ३२०० मीटरवर. मुक्काम इथे, केलाँगलाही चालतो.

दिवस दुसरा : जिस्पा, मुक्काम

हा दिवस लोक गाळतात. दोन कारणांसाठी गाळू नये. एक, उंची. उद्या एका दिवसात हजार मीटरहून जास्त चढायचं आहे आणि झोपायचंही तिथेच आहे. दोन, गाडी.

कूलंटपासून सुरुवात. पुण्या-मुंबईकडे वर्षानुवर्षं 'जरा पाणी टाकून घ्या' करत करत रेडिएटरमध्ये कूलंट नावापुरतं उरलेलं असतं. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, आणि ती जागा ब्लॉकच्या कोर प्लगमधून किंवा रेडिएटरच्या नळ्यांतून काढून घेतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर उणे ३५ च्या पुढेपर्यंत काळजी नाही. एक भाग कूलंट आणि दोन भाग पाणी असेल तर उणे १७-१८ ला गोठायला सुरुवात होते, म्हणजे सरचूला वाईट रात्री काठावर. हे काम खरं तर घरून निघतानाच गॅरेजात करून घ्यायचं. रंग बघून अंदाज करू नये, हायड्रोमीटरने मोजायला सांगावं. जिस्पात फक्त खात्री करायची, तीही इंजिन थंड असताना.

बीएस-६ डिझेल गाडीत युरियाची वेगळी टाकी असेल तर तो द्रव उणे ११ ला गोठतो. घाबरायचं कारण नाही, टाकीला हीटर असतो आणि गाडी तोवर चालते. टाकी काठोकाठ मात्र भरू नये. काचेच्या फवाऱ्याची बाटली रिकामी करून थंडीत न गोठणारं वॉशर फ्लुइड भरायचं. साबणाचं पाणी काचेवर पडताक्षणी गोठतं आणि समोरचं सगळं पांढरं होतं, तेही नेमकं वळणावर.

टायरमधली हवा काढायची का, हा प्रश्न हमखास येतो. मनालीहून सरचूला गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो, त्यामुळे गेजवर साधारण ३ पीएसआय वाढतात. तापमान ३० अंशांनी उतरलं की चार-साडेचार कमी होतात. जवळजवळ फिटंफाट. हवेला हात लावू नये.

आता चेन. भाड्याने मनालीत मिळतात, पण दुकानात मापाचा आकडा आपल्या टायरच्या बाजूवरच्या आकड्याशी जुळवून बघायचा, 'हो जाएगा साब' यावर जाऊ नये. आणि इथे, जिस्पाच्या कोरड्या अंगणात, हातमोजे घालून एकदा चढवून बघायच्या. चेन चालवणाऱ्या चाकांना लागते. बहुतेक हॅचबॅक आणि सेडान पुढच्या चाकांवर चालतात, तेव्हा पुढे. आधी जमिनीवर पसरून पीळ काढायचा. हुकांची तोंडं बाहेरच्या बाजूला, म्हणजे टायरच्या भिंतीला टोचणार नाहीत. टायरवर टाकून आतल्या बाजूचा हुक आधी लावायचा. तो दिसत नाही, हात चाकामागे घालून चाचपून लावावा लागतो, आणि सगळा वेळ तिथेच जातो. मग बाहेरचा हुक. गाडी अर्धा मीटर पुढे घेऊन ढील काढायची, रबराचा ताण लावायचा, पन्नास-शंभर मीटर चालवून पुन्हा आवळायचं. उरलेलं टोक लोंबकळत ठेवलं तर ते एबीएसची (चाक जाम न होऊ देणाऱ्या ब्रेकची) वायर तोडतं. तारेने बांधून टाकावं. पहिल्यांदा अर्धा तास लागतो, तिसऱ्यांदा दहा मिनिटं. अंधारात, वाऱ्यात, चिखलात गुडघे टेकून पहिलीच वेळ असेल तर बोटं आधी हार मानतात.

याखेरीज गाडीत असावं असं: फावडं (घडीचं खेळणं नको, खरं), टोचनाचा दोर आणि गाडीचा टोइंग हुक (तो स्टेपनीच्या खाली कुठेतरी असतो, आज शोधून ठेवावा), चार-पाच किलो वाळू किंवा राख, जंपर केबल, माणशी एक जाड स्लीपिंग बॅग, दोन दिवसांचं कोरडं खाणं, माणशी पाच लिटर पाणी. परदेशातून येणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक सूचना: सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय भारतात बाळगता येत नाही. अमेरिकेत ट्रेकला नेतात म्हणून सामानात टाकलं आणि विमानतळावर अडकले, असे लोक आहेत. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमकार्डं लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. सरचूला मात्र कुठल्याच फोनवर भिस्त ठेवू नये.

दिवस तिसरा : जिस्पा ते सरचू, साधारण ८५ किमी

दारच्याला पोलीस चौकी. नोंदवहीत गाडीचा नंबर आणि माणसं लिहायची आणि वर काय परिस्थिती आहे ते विचारायचं. पोलिसांपेक्षाही चांगला स्रोत म्हणजे समोरून आलेला ट्रक. टपावर किती बर्फ आहे ते बघा. बोटभर असेल तर ठीक. वीतभर असेल आणि आकाश अजून बंद असेल, तर जिस्पात परतून राजमा-चावल खावा.

निर्णय इथेच घ्यायचा, कारण दारच्या ३३६० मीटरवर आहे आणि बारालाचा ओलांडेपर्यंतच परत फिरणं म्हणजे खाली उतरणं असतं. सरचू ४२९० मीटरवरचं विस्तीर्ण पठार, दिसायला मोकळंढाकळं, पण दोन्ही बाजूंनी बंद. मागे बारालाचा ४८९०, पुढे नकी ला ४७३९ आणि लाचुंग ला ५०६० च्या आसपास. सरचूत कोणाला उंचीचा त्रास सुरू झाला, तर औषध म्हणजे खाली उतरणं, आणि खाली उतरायला आधी वर चढावं लागतं. रस्ता बंद असेल तर तेही नाही. पुढच्या मुक्कामाचं, पांगचंही तसंच, फक्त आणखी तीनशे मीटर वर.

जिस्पातून सातला निघावं. फार पहाटे निघालं तर वळणांच्या सावलीत रात्रीचा काचेसारखा बर्फ तसाच असतो. तो दिसत नाही. ओला डांबरी रस्ता वाटतो, फक्त चाकांचा आवाज एकदम बंद होतो. आवाज गेला की पाय ब्रेकवर जाऊ द्यायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ.

वाटेत दीपक ताल, पत्सेओ, झिंगझिंगबार. दुपारी नाल्यांना पाणी चढतं, सकाळी कमी असतं पण दगडांवर बर्फाचा मुलामा. पाण्यातून गेल्यावर लगेच दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून ड्रम वाळवायचे, नाहीतर पुढच्या थांब्यावर ते गोठतात.

बर्फ सुरू झालाच तर पहिला तास फसवा असतो. जमीन उन्हाळ्याची, अजून उबदार. पहिले थर वितळतात, रस्ता नुसता ओला दिसतो आणि 'काही होत नाही' असं वाटून गाड्या पुढे जात राहतात. मग जमीन थंड होते, ते पाणी गोठतं आणि त्याच्यावर नवा बर्फ बसतो. वरून मऊ, खालून काच. चेन झिंगझिंगबारलाच, सपाटीवर चढवायच्या, चढावर गाडी घसरायला लागल्यावर नाही. वेग ताशी ३०, ४० च्या वर कधीच नाही.

किती बर्फात जायचं? गाडीच्या पोटाखालची जागा बघा. हॅचबॅकला ती १६५–१७० मिलिमीटर असते. ताजा बर्फ दहा-बारा सेंटिमीटरच्या वर गेला की गाडी पोटावर बसते, चाकं नुसती फिरतात आणि मग चेनचाही उपयोग नाही.

पण बहुतेक गाड्या स्वतःच्या चुकीने अडकत नाहीत. समोरचा ट्रक चढावर थांबतो, मागे सरकतो, रस्त्यात आडवा होतो, आणि त्याच्या मागे एकाला एक चिकटून उभ्या राहिलेल्या चाळीस गाड्या तिथेच रात्र काढतात. वळण रिकामं झाल्याशिवाय चढायला घ्यायचं नाही, मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी. पन्नास मीटर अंतर म्हणजे वळून परत जाण्याची जागा.

सूरज ताल, मग खिंड. खिंडीत फोटो नको, थांबणं नको. उतारावर दुसरा गिअर, ब्रेक फक्त सरळ रस्त्यावर. खाली भरतपूर आणि तिथून सरचू.

दिवस चौथा : सरचू, अडकलेला

या दिवसांत सरचूचे बरेचसे तंबू उठलेले असतात. उरलेल्यांत उतरताना छपराचा उतार बघायचा. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला शंभर किलो भरतो, सप्टेंबरचा ओला बर्फ अडीचशेपर्यंत जातो. तीन बाय चार मीटरच्या तंबूवर फूटभर ओला बर्फ साचला तर नऊशे किलो होतात. सपाट छताचे तंबू पहिल्याच बर्फात झोपतात ते यामुळे. रात्री दर दोन तासांनी कोणीतरी उठून आतून काठीने छत ठोकायचं. पाळ्या लावून घ्याव्यात, 'जाग आली की बघू' चालत नाही.

बुखारी किंवा शेगडी पेटती ठेवून तंबू बंद करून झोपणं हा इथला सगळ्यात शांत मृत्यू. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि डोकं दुखणं, मळमळणं ही त्याची लक्षणं उंचीच्या त्रासासारखीच असल्यामुळे कोणी मनावर घेत नाही. तंबूत सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर आधी दार उघडायचं, गोळीचं नंतर बघायचं.

गाडीत झोपायची वेळ आली तर इंजिन तासाला दहा मिनिटं. प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी बाहेर उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ हाताने काढायचा. वाऱ्याच्या उलट्या बाजूची काच बोटभर उघडी. बारा तासांच्या रात्रीला दोन लिटर डिझेलही लागत नाही, तेव्हा काटकसर म्हणून गारठू नये आणि ऊब म्हणून इंजिन रात्रभर चालूही ठेवू नये. हॅन्डब्रेक ओढायचा नाही, तो गोठतो. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड. वायपर काचेपासून उचलून ठेवायचे.

उंचीचा त्रास ओळखायला सोपी परीक्षा म्हणजे माणसाला सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावून दहा पावलं चालायला लावणं. तोल जात असेल, बोलणं विस्कळीत असेल किंवा बसल्या जागी धाप लागून खोकल्यातून फेस येत असेल, तर सैन्याच्या छावणीकडे न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारून, सल्फाची ॲलर्जी नसेल तर, चढायच्या आदल्या दिवसापासून घ्यायचं असतं. साधारण डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. दुकानात मिळणारा ऑक्सिजनचा छोटा कॅन काही मिनिटांत संपतो. तो मनाच्या समाधानासाठी आहे.

मग पाणी. सगळीकडे बर्फ असताना तहान लागते, आणि बर्फ खाऊन ती भागत नाही, अंगातली ऊब मात्र जाते. एक लिटर पाण्याला ओला बर्फ चार-पाच लिटर, भुरभुरीत असेल तर दहा लिटर लागतो. भांड्याच्या तळाशी आधी थोडं पाणी घालून मग बर्फ टाकायचा, नाहीतर भांडं करपतं. पाणी इथे ८६ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ कुकरशिवाय शिजत नाही. पुढे गाटा लूप्सच्या एकवीस वळणांत एक छोटंसं देऊळवजा ठिकाण आहे, पाण्याच्या बाटल्यांच्या ढिगाने वेढलेलं. हंगामातल्या शेवटच्या ट्रकांपैकी एक तिथे बंद पडला, ड्रायव्हर मदत आणायला चालत गेला, बर्फाने रस्ता बंद झाला आणि आजारी क्लीनर ट्रकपाशी एकटाच राहून तहानेने गेला, अशी कथा ट्रकवाले सांगतात. जाणारे-येणारे त्याच्यासाठी पाणी ठेवतात. भुताचं ज्याने त्याने ठरवावं, बाटल्या मात्र खऱ्या आहेत.

दुपारी ऊन पडलं तर गॉगल काढायचा नाही. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांवर भाग परत फेकतो. त्रास सहा-आठ तासांनी, रात्री सुरू होतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखा. गॉगल नसेल तर पुठ्ठ्याला बारीक आडव्या फटी पाडून बांधायचा.

दिवस पाचवा : सरचू ते दारच्या

रस्ता बीआरओचे (सीमा रस्ते संघटनेचे) डोझर उघडतात. त्यांच्यासोबत रस्त्यावर राबणारे मजूर बहुतेक झारखंडचे, दुमका भागातले. ते म्हणतील तेव्हाच निघायचं.

लेह इथून अडीचशे किलोमीटर आणि तीन मोठे चढ, त्यातली तांगलांग ला ५३२८ मीटरवर. मागे एकच खिंड आणि मग सलग उतार. आकाश उघडलं की पुढे जायचा मोह होतो, पण झंझावात बहुतेक वेळा एकामागून एक येतात.

गाडी सुरू करताना: आधी चारी बाजूंनी फावडं, सायलेन्सर मोकळा. ग्लो प्लगचा (डिझेल इंजिन आधी तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझू द्यायचा, तीन-चारदा चावी फिरवून पुन्हा पुन्हा. क्लच पूर्ण दाबून दहा सेकंद सेल्फ, मग एक मिनिट थांबणं. उणे पंधरा-अठराला बॅटरीची ताकद जवळपास निम्मी राहते, एका दमात संपवली तर परत मिळत नाही. इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर मेण फिल्टरमध्ये आहे. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं फिल्टरभोवती गुंडाळायचं. जुने ट्रकवाले रॉकेल मिसळतात, टाकीखाली स्टोव्हही लावतात. कॉमन रेल (उच्च दाबाने इंधन सोडणाऱ्या आजच्या) डिझेल गाडीत पेट्रोल-रॉकेल घालू नये, पंपाचं वंगण जातं आणि तो पंप लाखाच्या घरात आहे. काचेवर गरम पाणी ओतू नये, तडकते.

ताफा साधारण अकरानंतर सुटतो, वळणांवर ऊन आल्यावर. बारालाचा तीनच्या आत ओलांडायची. चारनंतर सूर्य डोंगरामागे जातो आणि दिवसभर रस्त्यावर वाहिलेलं पाणी परत काच होतं. झिंगझिंगबारच्या खाली डांबर उघडं दिसलं की चेन काढायच्या, कोरड्यावर त्या टायरही खातात आणि स्वतःही तुटतात.

दारच्याला वहीत परतीची नोंद करायला विसरू नये. नाव पुढे गेलेल्यांत राहिलं तर संध्याकाळी कोणीतरी तुम्हाला शोधायला बर्फात निघतो.